वाढे बैलांनी खाल्ले तर?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होते तेव्हा आमच्या काचघरात प्लास्टिक तयार करणारा ऊस होता. हे प्लास्टिक म्हणजे पीएचबी, पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. मूळचा हा जिवाणूंचा राखीव अन्नसाठा, १९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलेला. मातीत पडला की तिथले जिवाणू तो खाऊन टाकतात, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर डोळा.

एक दिवस बॉसने सांगितलं, महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक आपल्या क्वीन्सलंड राज्याची ऊसशेती बघायला आलेत, प्रयोगशाळेतही येणार आहेत, मराठी बोलणारी तूच आहेस. मी ठाण्याची. ऊस पहिल्यांदा जवळून पाहिला तो रसवंतीवर आणि नंतर थेट इथे, कुंडीत.

मंडळी आली ती बंडाबर्गकडची तोडणी यंत्रं बघून, भारावून. पांढरे कोट चढवले, रजिस्टरमध्ये सह्या केल्या. जनुकबदल केलेल्या झाडाचं पानसुद्धा काचघराबाहेर नेता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. तरी एकाने खाली पडलेलं सुकं पान उचलून सवयीने चुरगाळलं आणि खिशात टाकलं. ते परत मागताना मला कसनुसं झालं. त्यांनी हसत दिलं.

मी पीएचबी बनवणाऱ्या तीन एन्झाइमांची स्लाइड लावली. १९९२ साली मिशिगनमध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात जिवाणूची जनुकं घालून पहिल्यांदा पीएचबी तयार झालं, पण अगदी थोडं, आणि रोपं खुरटली. दोन वर्षांनी तिन्ही एन्झाइमं हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, पाठवली, तेव्हा प्रमाण सुक्या वजनाच्या १४ टक्क्यांपर्यंत गेलं. सगळे शांतपणे ऐकत होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली रंगद्रव्य लावलेला पानाचा काप दाखवला. निळ्या प्रकाशात शिरांभोवतीच्या पेशींत नारिंगी कण चमकत होते, मधल्या पेशींत मात्र काहीच नाही. रांग लागली. एकाने विचारलं, "ही पिशवी व्हायला किती दिवस लागतात?" आणि सगळे हसले, मीही.

त्यानंतरचे प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

"ताई, रिकव्हरी किती पडते?" साखर कमी होते का, असा त्याचा अर्थ. या प्रमाणाला वाढीवर उघड परिणाम दिसला नव्हता, एवढंच मी सांगू शकले. पण झाडाने एकदा पीएचबीत घातलेला कार्बन झाडाला परत मिळत नाही, कारण ते तोडायचं एन्झाइमच त्याच्याकडे नाही. साखर लागेल तेव्हा वापरता येते, हे नाही. "म्हणजे बिनपरतीची ठेव," अकाउंट्स बघणारे संचालक म्हणाले.

क्वीन्सलंडच्या उसात तोवर मिळालेला सर्वोच्च आकडा २००७ साली प्रसिद्ध झाला होता: पानाच्या सुक्या वजनाच्या १.८८ टक्के. अकाउंट्सवाल्या संचालकांनी तो ऐकला आणि पेन काढलं. एकरी पाचट चार टन धरा, दोन टक्क्यांनी ८० किलो. तेही सगळीच पानं सर्वांत चांगल्या झाडासारखी निघाली तर. "आणि काढायचं कशानं?" प्रयोगशाळेत आम्ही क्लोरोफॉर्म वापरतो म्हटल्यावर त्यांनी पेन खिशात ठेवलं. मी म्हटलं, परवडायला १५ टक्क्यांच्या आसपास तरी लागेल असा अंदाज आहे. मग त्यांनी जे विचारलं ते मी त्यांच्या जागी असते तर पहिल्यांदा विचारलं असतं: जिवाणू हेच करतात, तर त्यांनाच साखर का घालत नाही? ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात साखर कारखान्याला जोडून नेमकं तेच केलं होतं, साधारण तीन किलो साखरेला एक किलो पीएचबी. हे ऐकून त्यांचे डोळे जे चमकले, ते आमच्या नारिंगी कणांना पाहून चमकले नव्हते.

निघायच्या बेताला एक वयस्कर संचालक, जे तोवर गप्प होते, म्हणाले, "ताई, आणि वाढे बैलांनी खाल्ले तर?"

बॉसला मी भाषांतर करून सांगितलं, पण त्याला काही उमगेना. क्वीन्सलंडमध्ये यंत्र ऊस तोडतं, पाला उडवून शेतातच टाकतं. आपल्याकडे बीडकडून आलेल्या टोळ्या कोयत्याने तोडतात, शेंड्याकडचा हिरवा पाला, म्हणजे वाढे, बैलांना घालतात, उरलेले विकून चार पैसे करतात. म्हणजे आम्ही ज्या पानांत प्लास्टिक भरत होतो, त्यांतली वरची पानं आमच्या नकाशात कचरा होती आणि यांच्या नकाशात चारा. बॉसने स्टूल ओढलं आणि बसला. कोवळ्या पानात पीएचबी सर्वांत कमी आणि पान जून होईल तसं वाढत जातं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बैलाच्या पोटात त्याचं काय होतं, यावर आमच्या फायलीत एकही कागद नव्हता. इतक्या बैठका झाल्या, पण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि येणार तरी कसा, त्या इमारतीत कोणी बैल पाळला होता?

पुढे या क्षेत्राचा रोख उसावरून हलला. कॅमेलिना या तेलबियेच्या बीत पीएचबी १५ टक्क्यांपर्यंत नेल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्या बियांची रोपं अशक्त निघाली. शिवाय तेल काढल्यावर पेंड उरतेच, आणि पेंड कोण खातं हे त्या आजोबांना कोणी सांगायला नको.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी बॉसने मला वाढ्यांचे नमुने वेगळे काढायला सांगितलं. वाढ्यात नेमकी किती पानं येतात, हे मला सांगता येईना. शेवटी त्या आजोबांना हॉटेलवर फोन केला.

"तसं ठरलेलं नसतं ओ," ते म्हणाले. "तोडणारा कोयता कुठं मारतो त्यावर हाय ते."