कार्ड पुसायची घाई
बॅलार्ड पिअरला क्रूझच्या रांगेत एक काकू काकांना सांगत होत्या, "अहो, कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की फोटो लॅपटॉपवर घेऊ आणि कार्ड पुसून टाकू, झालं!"

ते "पुसून टाकू" दिवसभर डोक्यातून जाईना. कार्ड पुसलं की प्रत पुन्हा एकच उरते, तीही समुद्रावर.

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जसाच्या तसा साठवलेला मूळ फोटो, साधारण २५-३० एमबीची. ६४ जीबीच्या कार्डात दोनेक हजार मावतात. जास्तीची कार्डं घ्या, घरी पोचेपर्यंत एकही पुसू नका. रोज रात्री फोटो एसएसडीवर, म्हणजे वायरने जोडायच्या छोट्या डिस्कवर, कॉपी करा, फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, चार-पाच फोटो उघडून बघा, इजेक्ट करूनच वायर काढा. एसएसडी केबिनच्या तिजोरीत, कार्डं स्वतःजवळ.

क्लाउडवर विसंबू नका. भर समुद्रात इंटरनेट उपग्रहावरून येतं, महाग पडतं. आणि "फक्त वाय-फायवर बॅकअप" हे सेटिंग इथे घात करतं! फोनला बोटीचं वाय-फायही वाय-फायच वाटतं, अपलोड आपोआप सुरू होतं आणि मोजून घेतलेला डेटा बघता बघता संपतो. ऑटो बॅकअप बंदच ठेवा. गोव्याला, कोचीला उतरलात की मोबाइल डेटावर निवडक फोटो चढवा.

तुम्ही कार्ड कधी पुसता?