बाशिंग नीट बसलंय का?

त्या शनिवारी, ६ मे २०२३ ला, दुपारी साडेतीनला आईने चहाचं आधण ठेवायच्या आधी टीव्ही लावला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता चहाचं काही खरं नाही. लंडनमध्ये सकाळचे अकरा वाजले होते आणि वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक सुरू होत होता. आपण प्रजासत्ताकातली माणसं, दुसऱ्यांच्या राजाशी आपल्याला काय देणंघेणं, असा चेहरा करून मी पेपर तोंडासमोर धरला. दहाव्या मिनिटाला पेपर मांडीवर आला, पंधराव्याला जमिनीवर.

"माझ्याच वर्षाचा हा," आई म्हणाली. "अठ्ठेचाळीसचा. मी २००६ ला रिटायर झाले, आणि हा आत्ता रुजू होतोय!"

हे लग्नच आहे, असं आईने एव्हाना ठरवून टाकलं होतं. त्यामुळे तिला सगळं सोपं गेलं. मानपान तर तिला लगेच कळला. राजाच्या धाकट्या मुलाला, हॅरीला, तिसऱ्या रांगेत बसवलं होतं आणि पुढे बसलेल्या आत्याच्या टोपीतला लाल तुरा नेमका त्याच्या तोंडासमोर. "मुद्दाम केलंय," आईचा निकाल. निळ्या पोशाखातल्या एक मंत्रीणबाई, पेनी मॉर्डंट, जड तलवार सरळ उभी धरून चालत होत्या, थांबत होत्या, पुन्हा चालत होत्या. हे तासभर. "खांदे भरून आले असतील बिचारीचे. कुणी जरा धरा की ती!"

माझं लक्ष होतं अभिषेकाच्या खुर्चीवर. सातशे वर्षांपूर्वी पहिल्या एडवर्डने ती करवून घेतली, स्कॉटलंडहून १२९६ मध्ये उचलून आणलेला दगड तिच्या खाली बसवायला. दगड साधा वालुकाश्माचा, १५२ किलोचा. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो पळवला, त्या गडबडीत त्याचे दोन तुकडे झाले. १९९६ मध्ये तो रीतसर परत गेला आणि या समारंभापुरता एडिनबरोहून पुन्हा आणला. मालकाकडून परत मागून आणलेलं सिंहासन म्हणायचं हे! आणि त्या खुर्चीच्या लाकडावर शेजारच्या शाळेतल्या पोरांनी आणि पाहुण्यांनी चाकूने नावं कोरून ठेवलीत. ॲबट आडनावाचा कुणी एक १८०० च्या जुलैत रात्रभर तिच्यात झोपला, तेही त्याने तारीख घालून कोरलंय. आपल्या गडांवर बदामात नावं कोरणाऱ्यांवर मी आजवर फार चिडत आलो. त्या दिवशी जरा कमी चिडलो.

मग राजाची जडजड वस्त्रं उतरवली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात त्या खुर्चीपाशी उभा राहिला, आणि तिन्ही बाजूंनी भरजरी पडदे धरले गेले.

"आंतरपाट," आई म्हणाली.

आत जेरुसलेमहून मंत्रून आणलेलं तेल बाराव्या शतकातल्या चमच्याने लावत होते. ते कॅमेऱ्याला दाखवायचं नाही. १९५३ मध्ये या राजाच्या आईचा अभिषेक टीव्हीवर दाखवला, तेव्हाही तेवढाच भाग झाकला होता. हल्ली डोहाळजेवणावर ड्रोन फिरतो; इथे एवढं सगळं जगाला दाखवून नेमकं ते लपवलं. आम्ही दोघं पडद्याच्या कडेकडे बघत पुढे सरकून बसलो.

त्या चमच्याची गोष्ट मुकुटाहून बरी आहे. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवल्यावर जुने मुकुट वितळवले गेले. चमचा तेवढा राजवाड्यातल्याच एका माणसाने सोळा शिलिंगांना घेऊन ठेवला आणि दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हा परत आणून दिला. आजचा मुकुट त्या दुसऱ्या चार्ल्ससाठी १६६१ मध्ये नव्याने घडवलेला. त्याच वर्षी त्याच्या लग्नाचा करार झाला आणि पोर्तुगीजांनी त्याला हुंड्यात मुंबई देऊन टाकली. म्हणजे मुकुट आणि मुंबई एकाच वर्षीची मिळकत! पुढे मुंबई त्याने कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. सध्या तेवढ्यात तिथे गाडीही लावता येत नाही.

याच मुंबईहून हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज रायगडावर गेला आणि ६ जून १६७४ चा महाराजांचा राज्याभिषेक त्याने पाहिला. गेला होता तहाच्या कामाला. त्याने लिहून काय ठेवलं? भाल्यांच्या टोकांवरची सोन्याची माशांची तोंडं, उंच टांगलेला सोन्याचा तराजू, आणि दाराशी उभे दोन लहान हत्ती. एवढ्या अवघड वाटेने हे हत्ती वर आणले कसे, याचंच त्याला नवल! परक्याचा अभिषेक बघणारा हे असलं बघतो. मला तो फार जवळचा वाटला.

ॲबीबाहेर पाऊस होता. "हा माझा राजा नाही" म्हणणाऱ्या मंडळींच्या म्होरक्याला पोलिसांनी सकाळीच धरून नेलं, आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. सोहळ्याला सरकारी तिजोरीतून ७ कोटी २० लाख पौंड गेले, हा आकडा दीडेक वर्षांनी बाहेर आला. डेन्मार्कने २०२४ च्या जानेवारीत नवा राजा केला तो असा : पंतप्रधान बाईंनी सज्जातून नाव पुकारलं, झालं. मुकुट नाही, तेल नाही, आंतरपाट नाही. हिशेबाने तेच बरोबर, मान्य. पण त्यासाठी आईने चहा लांबवला नसता.

सव्वादोन किलोचा मुकुट आर्चबिशपांनी डोक्यावर ठेवला. मग फिरवला. दाबला. वाकून समोरून पाहिलं, पुन्हा थोडा हलवला. राजा मान न हलवता, मुंज्यासारखा बसून.

"बाशिंग नीट बसलंय का बघतोय," आई म्हणाली. "आता मिरवणूक."

मिरवणूक १७६२ च्या चार टन वजनाच्या सोनेरी बग्गीतून, आठ घोडे लावून, माणसाच्या चालीने. सज्जात येऊन हात हलवेपर्यंत आमच्याकडे सात वाजत आले होते. राजाच्या डोक्यावर आता दुसरा, जरा हलका मुकुट होता. आईने बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"सकाळपासून याच्या पोटात काही गेलंय का रे? चहा तरी दिला असेल का कुणी?"

मग ती गुडघ्यांवर हात देत उठली आणि आधण ठेवायला आत गेली.