पोयेतला गहू आणि संगरूरचा नकाशा

गोव्यात डिचोलीला आमच्या दाराशी रोज सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि आई पोय हा गोव्याचा पाव घेते. पोय गव्हाची, रात्रीची चपातीही गव्हाची; पण आमच्याकडे शेत म्हटलं की डोळ्यांपुढे भातच येतो. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय शोधताना हेच मनात घोळत होतं. या गव्हाचा पाण्यावर, मातीवर, हवेवर पडणारा भार नेमका कुठली जमीन सोसते? पोदेराला विचारलं, तर त्याने गोणीवरचं गिरणीचं नाव दाखवलं. त्यापलीकडचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मग मी पंजाबातला संगरूर जिल्हा घेतला. भात-गहू अशी लागोपाठ पिकं आणि भूजलाचा प्रचंड उपसा, दोन्ही तिथे आहे.

पहिलं काम गव्हाची शेतं ओळखण्याचं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक पिक्सेल जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा असतो. एका चित्रावरून गहू कळत नाही; हिरवं ते सगळं सारखंच. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल अशी हिरवेपणाची रेघ काढली. गव्हाची रेघ फेब्रुवारीच्या शेवटी शिखरावर जाते आणि एप्रिलमध्ये कोसळते. बटाट्याची आधीच उतरते. बरसीमचा चारा पुन्हा पुन्हा कापतात, त्यामुळे त्याची रेघ करवतीसारखी. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याने बरीच चित्रं वाया गेली.

घोळ झाला तो क्षेत्रफळात. मोजणीची पद्धत मी आधी आमच्याच तालुक्यातल्या भातशेतीवर तपासली होती आणि तिथलं पिक्सेलचं क्षेत्रफळ संगरूरलाही तसंच वापरलं. गहू सरकारी आकड्यापेक्षा बराच जास्त निघाला. दोन आठवडे मी बांधावरच्या मिश्र पिक्सेलना, म्हणजे अर्धं शेत आणि अर्धा बांध असलेल्या तुकड्यांना, दोष देत बसले. चूक वेगळीच होती. माझी चित्रं अक्षांश-रेखांशाच्या अंशांत होती. रेखांशाचा एक अंश गोव्यात सुमारे १०७ किलोमीटर भरतो, संगरूरच्या अक्षांशावर जेमतेम ९६. उत्तरेकडे रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात, हे शाळेत शिकलेलं. म्हणजे प्रत्येक शेत मी सुमारे १२ टक्के फुगवून मोजत होते. त्यावरचं खत, पाणी, उत्सर्जन, सगळंच तेवढं फुगलेलं! चित्रं मीटरवर आधारलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत, नेली. या यूटीएम नावाच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; गोवा आणि संगरूर दोन्ही ४३ क्रमांकाच्या उत्तर पट्ट्यातच येतात, हे पाहून मला फार आनंद झाला.

पाण्याच्या बाबतीत मोह आवरावा लागला. गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून पाण्याची घट-वाढ मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या मोजणीतून २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा, राजस्थान मिळून १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचं दिसलं होतं. आकडा जबरदस्त आहे, पण ग्रेसला शेकडो किलोमीटरांचा प्रदेश एकत्रच दिसतो; एका जिल्ह्याबद्दल ती बोलू शकत नाही. तो आकडा मी प्रस्तावनेत ठेवला, हिशेबात घेतला नाही.

खताचा हिशेब सर्वांत नाजूक. गव्हाला एकरी ११० किलो युरियाची शिफारस, म्हणजे हेक्टरी साधारण १२५ किलो नत्र. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००६च्या गुणकाने त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. ऑक्सिजनचं वजन धरून तो वायू भरतो हेक्टरी सुमारे २ किलो. २०१९च्या सुधारणेत कोरड्या हवामानासाठी गुणक अर्धा टक्का झाला, म्हणजे उत्तरही निम्मं. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. संगरूरचा पाऊस कमी खरा, पण गव्हाला नलिकाकूपाचं पाणी मिळतं. कोरडा गुणक एकटा वापरायला माझं मन धजेना. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापली.

तरी शिफारस म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. माझ्या बहिणीच्या एका सहकाऱ्याच्या घरची तिकडे शेती आहे. त्याच्या वडिलांशी फोनवर बोलले. "बेटा, तीन गोण्या टाकतो," ते म्हणाले. गोणी ४५ किलोची, म्हणजे एकरी १३५ किलो. जिल्ह्याच्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

काकांनी त्यांच्या शेताचं उपग्रहचित्र मागितलं. त्यांच्या भाषेत किल्ला म्हणजे एक एकर, माझ्या भाषेत ४० पिक्सेल. पश्चिमेकडची एक ओळ फिकी दिसत होती. माझ्या नकाशाने ती गव्हातून वगळली होती. मी विचारलं, तिथे काय पेरलंत? "गहूच आहे," ते म्हणाले, "पण बांधावर सफेद्याची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत तो वाढत नाही." सफेदा म्हणजे आपली निलगिरी.