ट्यूब गेली का भाऊ?

मागे ढोल असलेला जुना मॉनिटर टेबलावर टेकवायच्या आतच लोक विचारतात, "भाऊ, ट्यूब गेली का?" चाळीसगावचा माणूस असो की यावलचा, प्रश्न तोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक वेळा ट्यूब, म्हणजे पडद्याची मोठी काच, गेलेली नसते. आळ मात्र तिच्यावरच येतो, कारण डब्यात सगळ्यात मोठी वस्तू तीच. शिवाय ट्यूबचं नाव काढलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही, हे काही कारागिरांनाही पक्कं ठाऊक असतं.

खरंच गेलेली ट्यूब ओळखता येते. मागचं झाकण काढायचं, खोलीतला दिवा मालवायचा आणि काचेच्या मानेत पाहायचं. आत नारिंगी उजेड दिसला पाहिजे. तो हीटर, 6.3 व्होल्टवर चालणारा. उजेड नाही म्हणजे ट्यूब मेलीच असंही नाही; हीटरपर्यंत व्होल्टेजच पोचत नसेल, ते मानेच्या टोकाच्या बेसवर मीटर लावून कळतं. मानेजवळ आतून एक चंदेरी-काळपट डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो ताक सांडल्यासारखा पांढरा झाला असेल तर कुठेतरी तडा जाऊन आत हवा शिरली, विषय संपला. आणि म्हातारी ट्यूब वेगळीच दिसते: चित्र उजळायला बराच वेळ लागतो, पांढरी अक्षरं कडांना फुटल्यासारखी, चंदेरी दिसतात. कॅथोड, म्हणजे किरण सोडणारा भाग, झिजलेला असतो. क्वचित आतल्या आत शॉर्टही होतो. एवढं सोडलं तर दोष बाहेरच शोधायचा.

सगळ्यात स्वस्त दोष केबलीचा. चित्र पिवळं पडलं म्हणजे निळा रंग गेला, निळसर-हिरवं झालं म्हणजे लाल गेला, गुलाबी-जांभळं झालं म्हणजे हिरवा. 15 पिनांच्या प्लगमध्ये 1, 2, 3 नंबरच्या पिना अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग नेतात. त्यातली एखादी वाकून आडवी पडलेली असते. 9 नंबरची पिन मात्र पुष्कळ केबलींना कंपनीतूनच नसते, ती तुटली समजून नवी केबल आणू नका. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडून बघा. त्यात सगळे रंग नीट असतील तर ट्यूब ठणठणीत आहे, खोट केबलीत किंवा कॉम्प्युटरमध्ये.

चित्र थरथरतं, ही तक्रार आमच्या खानदेशात फार. व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून लोक मॉनिटरला खेटून स्टॅबिलायझर ठेवतात. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं 50 हर्ट्झचं चुंबकक्षेत्र ट्यूबमधल्या किरणाला ओढत राहतं. पडदा 60 हर्ट्झवर असला की चित्र सेकंदाला 10 वेळा हलतं. स्टॅबिलायझर दोन हात लांब सरकवला की बरं होतं. याचे मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

आता खरा आजार. पाठीवर थाप मारली की चित्र येतं, थोड्या वेळाने परत जातं. हे ड्राय सोल्डर. बोर्ड उलटा करून एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांवर भिंग धरा. पायाभोवती केसाएवढी गोल फट दिसेल. मॉनिटर चालू असताना एलओटी तापते, बंद केला की निवते; वर्षानुवर्षं असं फुगून-आवळून सोल्डर पायापासून सुटतं. वरून नुसतं नवं सोल्डर फासलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जेमतेम टिकतं. जुनं ओढून काढायचं, पाय खरवडायचा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप) लावून ताजं भरायचं. पडद्यावर नुसती एक आडवी झगझगीत रेघ उरली असेल तर हेच काम व्हर्टिकल आयसीच्या, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या चिपच्या, पायांवर करून बघायचं. तोवर ब्राइटनेस कमी ठेवा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते.

उन्हाळ्याचं नाव निघालंच आहे, तर कंडेन्सरचंही सांगतो. मे महिन्यात भुसावळात पारा 45 च्या पुढे जातो, मॉनिटरच्या डब्यात तर विचारूच नका. हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, लागून असलेले कंडेन्सर आतून सुकतात. डोकं फुगलेला लगेच सापडतो, पण कित्येक दिसायला अगदी धड असतात. थंड असताना चित्र आक्रसलेलं आणि तापल्यावर सुधारलं, तर संशय त्यांच्यावर. बदलताना 85 अंशांचा घेऊ नका, 105 चा घ्या. किमतीत फारसा फरक नाही.

हे वाचून पाना-पेचकस काढत असाल तर थांबा. ट्यूबच्या रबरी टोपीखाली 25,000 व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. मेन कंडेन्सरमध्ये 300 च्या वर वेगळेच. पेचकसला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेला जोडायचं, मग टोपीखाली टोक सरकवायचं, एक हात पाठीमागे. टच्च आवाज येतो. थोडं थांबून पुन्हा करायचं, कारण चार्ज परत साठतो. कधी केलं नसेल तर घरी करूच नका, जाणत्याकडे न्या.

एवढा खटाटोप कोण करतं, तर एमआयडीसीतले मशीनवाले. जुन्या मशीनच्या कंट्रोलरचा सिग्नल नवा एलसीडी घेत नाही, आणि पडद्यासाठी अख्खं मशीन कोण बदलणार?

ट्यूब खरंच गेली असेल तर ती हातोड्याने फोडू नका, भंगारवाल्यालाही फोडू देऊ नका. काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी, तुकडे उडतात. बोर्ड मात्र माझ्याकडे ठेवून जा. त्या नंबरची एलओटी आता बाजारात सहजासहजी मिळत नाही.