क्रान्स, पेटी क्र. 4 : चेंडू गेला एकदाचा!

मंडळी, गेला. (नव्यांसाठी : स्वित्झर्लंडमधल्या क्रान्सच्या गोल्फ कोर्सचा इतिहास मी पेट्यांमधल्या छोट्या देखाव्यांत मांडतोय, आणि पेटी 4 मध्ये चेंडूची वाट दाखवायला एक तार आहे.) भिंतीवरून, फांद्यांखालून, पोहण्याच्या तलावावरून थेट ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, दिशेने. तार कुठे दाबली नाही, फांदी कुठे कापली नाही. शनिवारी रात्री साडेअकराला मी एकटाच टाळ्या वाजवल्या आणि घरच्यांची बोलणी खाल्ली.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, गणपतीच्या आधी मी पेटी 4 वैतागून माळ्यावर टाकली होती. पेट्या 1 ते 3 तशा सुतासारख्या सरळ झाल्या होत्या. पेटी 1 हेन्री लनच्या हॉटेलाची. स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतातल्या डोंगरावर, दीड हजार मीटरवर, इंग्रज पाहुण्यांचं मन रमावं म्हणून गोल्फ आणणारा हा गृहस्थ आधी आपल्याकडे मिशनरी डॉक्टर होता, आणि त्याचा मुलगा अर्नोल्ड 1888 साली मद्रासला जन्मला. त्याच पेटीच्या कोपऱ्यात 1911 ची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) आहे, खालच्या सिएर गावाहून वर येणारी. तिचे रूळ मी गिटारच्या तारेचे केलेत, ती तार पुढे कामाला येणार आहे. पेटी 2 म्हणजे पहिल्या महायुद्धाने ओस पडलेला कोर्स. पेटी 3 म्हणजे 1939, स्विस ओपन ही गोल्फ स्पर्धा क्रान्सला आली आणि तिथलीच झाली. तिच्या पाटीवर 1971 घातलंय : इटलीच्या बाल्दोविनो दास्सूच्या एका फेरीत 60 फटके. विरळ हवेचा हातभार धरला तरी 60 म्हणजे 60.

आणि पेटी 4 म्हणजे 1993. शेवटची फेरी, अठरावं होल. स्पेनच्या सेवे बायेस्तेरोसची ड्राइव्ह (पहिला लांब फटका) उजवीकडे भरकटते आणि चेंडू एका उंच भिंतीच्या अगदी लगत जाऊन पडतो. समोर भिंत, वर झाडं, पलीकडे तलाव. कॅडी (काठ्या वाहणारा मदतनीस) बिली फॉस्टर विनवतोय, बाजूला काढ, गपचूप फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवतावर ये. हा ऐकतोय कुठला! वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) घेतली, चेंडू भिंतीवरून आणि फांद्यांखालून काढला, ग्रीनच्या अलीकडे टाकला आणि तिथून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, थेट होलमध्ये. बर्डी, ठरल्यापेक्षा एक फटका कमी! तरी स्पर्धा बॅरी लेनने एका फटक्याने जिंकली. पण आज तिथे पाटी लागली आहे ती हरलेल्याच्या फटक्याची, आणि म्हणूनच मला ही पेटी करायची होती.

अडचण अशी की माझ्या पेटीत तो फटका बसतच नव्हता. प्रमाण 1:87, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. चेंडू भिंतीपासून 21 मिलिमीटरवर ठेवला, म्हणजे खरे सहा फूट. सर्वांत खालची फांदी चेंडूपासून 35 मिलिमीटर पुढे आणि 60 मिलिमीटर वर. तार भिंतीवरून नेली की फांदीत शिरायची, फांदीखालून नेली की भिंतीला घासायची. आधी तांब्याची तार होती, तिला दोष दिला. मग झाडांना. तो विक्रेता कोण ते सांगत नाही, पण 'गडद हिरवे सूचिपर्णी' म्हणून पाठवलेली झाडं पोपटी निघाली, आणि अर्ध्यांच्या फांद्या खोक्यातच गळाल्या होत्या. तेव्हा राग झाडांवर निघणं साहजिक होतं. चार झाडं छाटली. मग छाटलेली झाडं फोटोंसारखी दिसेनात, म्हणून पुन्हा फांद्या चिकटवल्या. मध्यंतरी मला सेवेवरच संशय यायला लागला होता, म्हणजे बघा.

उलगडा केला भाच्याने. त्याचा दिवाळीचा किल्ला आमच्याच गॅलरीत चाललाय, अळीव पेरून झालेत. गेल्या आठवड्यात मी सेवेचा माणूस रंगवून उभा केला, 21 मिलिमीटरचा. हा आला, बघितलं आणि म्हणाला, "मामा, ही भिंत आहे का तटबंदी? याच्या डबल आहे." मी म्हटलं, तुझा मावळा बुरुजापेक्षा उंच आहे, ते चालतं का? "किल्ल्यात चालतं," म्हणाला, आणि मावळा आणून भिंतीमागे ठेवला. "याला दिसतंय पलीकडचं."

हसलो, आणि मग हसू थांबलं. भिंत खरंच माणसाच्या दुप्पट होती. पट्टी लावली : 42 मिलिमीटर. आठ फुटी भिंत 1:87 ला 28 व्हायला हवी.

42 भागिले 28 किती? दीड! पेटी 1 मध्ये ऱ्होन नदीचं खोरं आणि वरचं पठार यांच्यातला जवळजवळ हजार मीटरचा फरक डोळ्यांत भरावा म्हणून मी उठाव (जमिनीची उंची) दीडपट घेतला होता. एक्सेलचा तोच तक्ता पुढच्या पेट्यांना वापरत आलो. उंचीच्या रकान्यातलं ते 'गुणिले 1.5' तसंच राहिलं. जमीन वाढली, भिंत वाढली, पण झाडं बाजारची, त्यांना माझा तक्ता काय माहीत? ती बरोबर 1:87 चीच राहिली. खरी भिंत ओलांडायला 53 अंश पुरतात आणि फांदी लागते जवळपास 60 ला, म्हणजे सात अंशांची फट आहे. माझ्या भिंतीला 63 अंश लागत होते. फटच बंद! छाटून मेलो तरी गेला नसता.

भिंत कापली, 28 वर आणली. जमीनही खाली आणली, त्यात एक्सपीएस फोमचा (थर्मोकोलसारखा, पण घट्ट) एक थर आणि दोन संध्याकाळी गेल्या. तांब्याची तार फेकून गिटारची सर्वांत बारीक स्टीलची तार लावली. ही एकदा दिलेला बाक धरून ठेवते, तांब्याची येताजाता धक्का लागला की लोंबते. तार लावणार असाल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नका. चेंडू मात्र स्वयंपाकघरातून आला : खरा चेंडू 42.67 मिलिमीटरचा, 1:87 ला अर्धा मिलिमीटर. खसखस मोठी पडते. बारीक रव्याचा दाणा चपखल बसला, रंगही द्यावा लागला नाही.

तलावाचं रेझिन (पाणी दिसावं म्हणून ओतलेलं) पावसाळ्यात चिकट राहिलं होतं, ते आता ऑक्टोबरच्या उन्हात खडखडीत झालंय. त्याबद्दल अधिक काही नाही.

उरलं ग्रीन. फटका साधारण 130 यार्डांचा, म्हणजे 1:87 ला सव्वा मीटरच्याही वर, आणि माझी पेटी 60 सेंटिमीटरची. तार पेटीच्या काठावर तोडायची असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं : पेटी 5 शेजारीच तर येणार आहे, सेवेने नव्वदीच्या अखेरीस कोर्स नव्याने आखला त्याची. उपड्या बशीसारखी ती ग्रीन्स, ज्यांच्यावर खेळाडूंनी बोटं मोडली. दोन्ही पेट्यांच्या भिंतींना भोक पाडून तार थेट पेटी 5 मध्ये उतरवली तर? चेंडू निघेल 1993 ला आणि उतरेल त्याच्याच हातच्या ग्रीनवर. इतिहास म्हणून साफ चूक, ती चिप जुन्या ग्रीनवर गेली होती. मागे पेटी 3 मध्ये 1939 च्या झेंड्याच्या रंगावरून मी एकाशी भांडलोय, तेव्हा मला हे शोभणार नाही. बहुतेक मधे एक अरुंद 'पेटी साडेचार' करीन, नुसतं जुनं ग्रीन आणि होलकडे निघालेला रव्याचा दाणा.

त्याआधी पेट्या 2 आणि 3 चा उठाव तपासायचाय. पेटी 2 मध्ये गाई आहेत, म्हणजे तिथेही गडबड असणारच. शिवाय त्या तांबड्या-पांढऱ्या आहेत. वालिसच्या एराँ जातीच्या गाई काळपट, आखूड, एकमेकींना शिंगं भिडवणाऱ्या. भाचा काळा रंग घेऊन तयार बसलाय, फक्त बदल्यात त्याला गिटारची तार हवी आहे, किल्ल्यावर रोप-वे करायला.