झोपेत चालणारा भाचा

मंगळवार, रात्री

भाचा शाळेच्या सहलीला जायचं नाही म्हणतोय. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा रडत म्हणाला, "मुक्कामाला मी सगळ्यांसमोर उठून चालायला लागलो तर?"

दहा वर्षांचा आहे. या वयात झोपेत चालणारी मुलं बरीच असतात, आणि वयात येता येता बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. त्यामुळे चालण्याची मला फार धास्ती नाही. त्याच्या मनात बसलेल्या शरमेची आहे. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी हसत विचारतं, "काय रे, काल रात्री कुठे निघाला होतास?" त्याला काहीच आठवत नसतं. आपल्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त आपल्यालाच नाही, हे त्या पोराला किती टोचत असेल! शेजारच्या काकू तर 'बाहेरचं काही आहे का बघा' म्हणाल्या, तेही त्याच्यासमोर. मला फार राग आला.

बाहेरचं काहीही नाही. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत, अगदी गाढ झोपेत मेंदू अर्धवट जागा होतो. पाय चालतात, डोळे उघडे असतात, पण विचार करणारा, लक्षात ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो. स्वप्नातही नसतो तो. स्वप्नं रंगतात त्या झोपेत तर स्नायू ढिले पडलेले असतात. झोप अपुरी झाली, ताप आला, मनावर ताण असला की हे वाढतं. आणि त्याची शाळा सकाळची, क्लास संध्याकाळचा, जेवायलाच साडेनऊ. झोप पुरणार कशी?

ताईला म्हटलं, आधी त्याला लवकर झोपव. गॅलरीच्या दाराला वर कडी लाव. उठलाच तर गदागदा हलवू नकोस. जागं केलं तर जीव जातो वगैरे खरं नाही, पण पोर गोंधळतं, घाबरतं. हळूच खांद्याला धरून अंथरुणाकडे वळवायचं, बस. रोज ठरावीक वेळेलाच उठत असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं थोडं जागं करून पुन्हा झोपवायचं. त्याने पुष्कळ मुलांना फरक पडतो. आणि वर्गशिक्षिकांशी एकटीने जाऊन बोल, मुलांदेखत नको.

हे बरंचसं घराण्यातून येतं. आमचे अप्पाही लहानपणी रात्री उठून ओसरीवर जाऊन बसायचे. नातवाला हे कुणी सांगितलेलंच नाही. अप्पांनाच म्हटलंय, उद्या शाळा सुटल्यावर त्याला फोन करा.