पाणी एक वीतही उतरणार नाही

सोमवार, रात्री

आज कादंबरीच्या पुढच्या भागाची एकशे चाळीस पानं बाजूला काढली. फाडली नाहीत. सुतळी बांधून लोखंडी पेटीत ठेवली, पहिल्या पुस्तकाच्या कच्च्या वह्यांखाली.

कारण नववीतली एक मुलगी. गेल्या आठवड्यात उदगीरकडच्या एका शाळेत माझ्या पहिल्या कादंबरीवर बोलायला गेलो होतो. पुढच्या भागात काय होणार, म्हणून पोरांनी विचारलं. मी सांगितलं, दुष्काळ पडतो, साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांची बारव आटते. ती मागच्या बाकावरून उठली. "पण सर, आसरांनी तर वचन दिलंय ना? बारवेचं पाणी एक वीतही उतरणार नाही म्हणून."

घरी येऊन पान उघडलं. पान ८७. पोरीचा शब्द न् शब्द बरोबर.

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं बीडची खजाना विहीर होती. निजामशाहीच्या काळातली. पाणी उपसायला मोट नाही, रहाट नाही. जमिनीखालच्या बोगद्यातून ते आपल्या उताराने बीडकडे वाहत जातं. ती आटत नाही, असं तिकडची माणसं सांगतात. लहानपणी तिच्या काठाशी उभं राहिलो, तेव्हा आत कुणीतरी राहतं याची मला खात्रीच पटली होती. काठावर शेंदूर लावलेले सात दगड दिसले की माय हात जोडायला लावायची, ते कुठल्याही विहिरीवर. त्या दोन गोष्टींतून माझी बारव झाली आणि तिच्यातल्या सात बहिणी झाल्या. वचनाचं वाक्य एका बैठकीत लिहून गेलो. पुढं कधी ते आपल्यालाच बांधील, हे तेव्हा मनातही आलं नाही.

अद्भुतकथा लिहिणाऱ्याला काय, हवं ते लिहावं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला हे पटत नाही. खऱ्या गावाची गोष्ट लिहिणाऱ्याचा पाऊस हवामान सांभाळतं. माझ्या राज्यातला पाऊस मलाच सांभाळायचा. पान ८७ मी मोडलं, तर त्या पोरीने उरलेल्या पानांवर विश्वास का ठेवावा?

बुधवार

एक ओळ नाही. ऊन बेचाळीसच्या पुढं. दुपारभर गुणाढ्याचा विचार.

तो आपल्या पैठणचा. सातवाहनाच्या दरबारातला. राजाला व्याकरण शिकवायची पैज हरला आणि बोललेल्या शब्दाला जागून संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथं पैशाची नावाची भाषा शिकला. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारली. मग त्याने टेकडीवर आग पेटवली. एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि जाळायचा. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती ऐकत बसली, अशी आख्यायिका आहे. सहा लाख गेले. राजा धावत आला, तेव्हा एक लाख उरले होते.

शाळेपासून ही गोष्ट मला रडवत आली आहे. पण आज एका बारीक तपशिलाशी थांबलो. तो एक लाखाचा भाग गुणाढ्याने मुळात आगीपासून का वाचवला? त्याच्या शिष्यांना तो आवडायचा म्हणून. राजा धावत येण्याआधीच तो भाग बाजूला ठेवलेला होता.

नववीतली ती मुलगी पुन्हा डोळ्यांपुढं आली.

शनिवार, पहाट

साडेतीनला जाग आली. टेबलाशी बसलो, तर माय उठून आली. "रातभर दिवा कशाला जाळायलास रं?"

तिला सगळं सांगितलं. बारव, वचन, दुष्काळ. पाणी उतरत नाही तर माणसं तहानेनं मरायची कशी, एवढं एकच अडलंय म्हणालो. ती खाली भिंतीला टेकून बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "सोळा सालचा रांजण आठवतो का?"

आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरच्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, १० वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा, कधी नाही. स्वयंपाकघरात मात्र एक रांजण काठोकाठ भरलेला असायचा. झाकण, झाकणावर पाटा.

"त्याला म्या कुणाला शिवू दिलं न्हाई. उद्या टँकर न्हाई आला तर? तुझं लेकरू रडायचं पाण्याला. बाजूच्या घागरीतलं अर्धा पेला द्यायची. रांजण भरलेलाच."

एवढं बोलून ती उठली आणि चूल नसलेल्या आमच्या स्वयंपाकघरात गेली. मी तसाच बसून राहिलो.

पाणी एक वीतही उतरणार नाही. आसरांनी दिलेलं वचन पातळीचं होतं. प्यायला मिळेल, असं त्या कुठं म्हणाल्या होत्या? पाऊस थांबला, झरे थांबले. आता वचन खरं ठेवायचं, तर एकच मार्ग उरतो: कुणी घागर बुडवायची नाही. राजा पायऱ्यांवर पहारा बसवणार. वचनावर ज्यांची खरी श्रद्धा आहे, तीच माणसं काठावर उभी राहून लेकुरवाळ्या बायांना परत पाठवणार. बारव काठोकाठ भरलेली, आणि गाव ओस.

पान ८७ मधली एक मात्राही बदलायला नको!

सहापर्यंत चार पानं झाली. माझ्या गोष्टीतली कोंडण रिकामी घागर घेऊन पाचव्या पायरीपर्यंत उतरली आहे. पहाऱ्यावर तिचाच आजा आहे. पहिल्या भागात मी त्याला उगाच म्हातारा रागीट म्हणून सोडून दिलं होतं, त्याची आता मला लाज वाटते. तो तिला शिवी देत नाही. नुसता भाला आडवा धरतो. त्याचे ओठ फुटले आहेत, जीभ टाळूला चिकटली आहे, शब्द फुटत नाही. पाठीमागे तीन हातांवर पाणी.

पाण्याखालच्या साती जणी हे बघतायत. त्या काय करतील, ते अजून मला ठाऊक नाही.